आरशावरची टिकली

आधी विघ्नहर्त्याला वंदन. मग भीमामाईला, जिच्या काठी माझा जन्म झाला. कोणत्याही कार्याच्या आरंभी देश, काळ आणि हेतू यांचा उच्चार करावा, असे मला शिकवलेले आहे. म्हणून करते. देश : भीमेच्या दक्षिण तीरावरचा, पाटसच्या बाहेर उसाच्या रानात उभा राहिलेला एक नवा बंगला. काळ : आजचाच. हेतू : त्या बंगल्याच्या वास्तुशांतीत मला पाटावरून उठवले गेले, त्याची साक्ष देणे. कुणी हळहळावे म्हणून हे लिहीत नाही.

टिकली लाल होती. नव्या घरातल्या नव्या आरशावर कोणीतरी सकाळी नटताना चिकटवून ठेवलेली. यजमानांच्या बहिणीने, ज्यांना सगळे घर आत्याबाई म्हणत होते, ती नखाने सोडवून आणली. बोटाच्या टोकावर धरली. आणि ते बोट माझ्या कपाळासमोर आणले.

"लावा ही. आन् उरका."

मी पाटावर होते. समोर कलश मांडलेला. गणेशपूजन झालेले, होमकुंडात समिधा रचलेल्या, अग्नी अजून द्यायचा. मांडव माणसांनी भरलेला. 

"कुणाला कळतंय?" आत्याबाई आवाज खाली आणून म्हणाल्या. "पावणी जेवाया बसली की काढून टाका."

त्यांचे बोट स्थिर होते.   या वयात मला इतका राग येऊ शकतो, हे मलाच ठाऊक नव्हते.

हे सारे कसे घडले, ते क्रमाने सांगते.

माझे माहेर वडगाव रासाईचे. वडील शेवंती आणि झेंडू पिकवत. देवळाला फुले पोचवण्याचे काम माझ्याकडे होते. देवळाशेजारी एक वृद्ध शास्त्री राहत. त्यांची दृष्टी गेली होती, ग्रंथ मात्र सुटत नव्हते. एकदा फुलांची परडी घेऊन चालले असता त्यांनी हाक मारली, वाचता येते का विचारले, आणि त्या दिवसापासून मी त्यांचे डोळे झाले. ते ओटीवर बसत, मी पायरीवर. मी वाचायची, ते उच्चार सुधारायचे आणि अर्थ सांगायचे. संस्कृत माझ्यात असे पायरीवर बसून उतरले. पुढे शिरूरला महाविद्यालयात तोच विषय घेऊन पदवी मिळवली. शास्त्रीबुवांनी मला कधी ओटीवर बोलावले नाही, आणि मीही कधी विचारले नाही. देवावरची श्रद्धा मात्र मला त्यांनीच दिली. ती आजही आहे. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचे वाचून कोणी मला देवाची वैरीण समजेल.

लग्न होऊन दौंडला आले. मुले शाळेत असतानाच पती गेले. दहाव्याला नात्यातल्या बायकांनी माझे कपाळ पुसले, बांगड्या फोडल्या, मंगळसूत्र काढले. मला कोणी काही विचारले नाही. पुसणाऱ्या हातांतला एक हात माझ्या सख्ख्या जावेचा होता, आणि ती रडत होती. रडत पुसत होती.

मग कुरकुंभच्या औषधांच्या कंपनीत लागले. पॅकिंग विभागात. गोळ्यांच्या पट्ट्या तपासायच्या, खोक्यात भरायच्या, शिक्का पाहायचा. तीन पाळ्या. त्या पगारावर दोन्ही मुले उभी राहिली आणि आपापल्या संसारात गेली. निवृत्तीला काही वर्षे उरली असताना कंपनीने स्वयंचलित मशीन आणले आणि आमचा आख्खा विभाग बंद केला. साहेबाने एकेकीला आत बोलावले. माझी माहिती वाचून तो हसला.

"मावशी, तुम्हाला संस्कृत येतं? भारीच. पण आमच्या मशीनला नाही ना येत!"

शेजारची मुलगीही हसली. मीही हसले. तेव्हा हसले.

त्यानंतर मी काम मागत फिरले. ठेकेदार गेटवरच तोंडाकडे पाहून मान हलवत. त्यांना तिशीतल्या बाया हव्या होत्या. दौंडच्या प्रशिक्षण केंद्रात मला शिवण, बेकरी आणि ब्यूटी पार्लर यांतले एक निवडायला सांगितले. तिथल्या मुलीने विचारले, "काकू, तुमचं स्किल काय?" मी म्हणाले, मला पूजा सांगता येईल. तिने यादीत वरपासून खालपर्यंत पाहिले. यादीत ते नव्हते.

पुण्यात एक संस्था स्त्रियांना पौरोहित्य शिकवते, असे कळले. वर्षभर मी दौंडहून जा-ये केली. संहिता, प्रयोग, मांडणी, होम. वयाने मी वर्गात सर्वांत थोरली होते आणि पहिल्या रांगेत बसायची. तिथले गुरुजी प्रेमळ होते. आम्हाला म्हणत, "वेदापुढे स्त्री-पुरुष, जात-पात काही नाही. शुद्ध उच्चार आणि शुद्ध मन, एवढेच लागते." मी ते खरे मानले. ओटीवर बोलावल्यासारखे वाटले.

कामे मिळू लागली. रेल्वे वसाहतीतली सत्यनारायणाची पूजा, एखाद्या दुकानाचे उद्घाटन, नव्या टेंपोची पूजा. कपाळाला चंदनाचे उभे गंध, गळ्यात तुळशीची माळ. लोकांना वाटे, पुण्याकडच्या बाई पुरोहितांचा वेष असाच असतो. कोणी काही विचारले नाही. मीही कुणापासून काही लपवले नाही.

पॅकिंगमध्ये माझ्या शेजारी बसणारी सुमन हिने पाटसचे काम आणले. यजमान तिच्या दूरच्या नात्यातले. बागाईतदार आणि कामगार पुरवणारे मोठे ठेकेदार. सगळे त्यांना आप्पा म्हणत. कुरकुंभच्या किती तरी कारखान्यांत त्यांची माणसे होती. त्यांनी फोनवर सांगितले होते, "बाई, वास्तुशांत झ्याक झाली की खंडेनवमीला समद्या कंपन्यांच्या मशीनपूजा तुमच्याकडंच. आपला शब्द!"

तो शब्द म्हणजे माझे पुढचे सगळे वर्ष होते. भाडे, औषधे, मुलांपुढे हात न पसरणे. त्या घरात शिरताना मला हे नीट ठाऊक होते.

मागच्या दाराने गेले. पूजेचे साहित्य तिकडे उतरवले होते. तिथे एका खोलीच्या उंबऱ्याशी, चपलांच्या ढिगाजवळ, एक म्हातारी घोंगडीवर बसली होती. कपाळ मोकळे. आप्पांची आई. घरातले त्यांना जिजी म्हणत. मी नमस्काराला वाकले, तर त्यांनी पाय आत ओढून घेतले.

"मला नगं बाय. आज कार्य हाय."

मी पुढे गेले. तेवढ्यावर सोडून पुढे गेले.

आप्पांनी माझे जोरात स्वागत केले. माईक हातात घेतला. "मंडळी, आपल्या भागात पैल्यांदाच बाई पूजा सांगत्यात! आमच्या घरात जुनंपानं काय न्हाई. बाया कुठं मागं हायेत आता?" टाळ्या पडल्या. पाटावर त्यांचा मुलगा आणि सून बसले. सून गोड मुलगी होती. तिने मला हळूच विचारले, "बाई, चुकलं तर सांगाल ना?" मी म्हणाले, सांगेन.

संकल्प झाला. गणपती झाला. मग यजमानीण पुरोहिताला गंधाक्षता लावते. पुरोहित बाई आहे म्हणून त्या पोरीने आपण होऊन हळदीकुंकवाचे पंचपाळे उचलले आणि बोट कुंकवात बुडवून माझ्याकडे वळली. आणि माझ्या तोंडून, इतक्या वर्षांच्या सवयीने, आपोआप निघाले :

"गंध लाव, बाळ. कुंकू नको."

तिचे बोट थांबले. आत्याबाई मागेच उभ्या होत्या.

"का वं? कुकू का नगं?"

 मी पुढचा मंत्र सुरू केला.

"मालक काय करत्यात तुमचं?"

"ते वारले," मी म्हणाले.

एवढे दोनच शब्द. त्यांनी मांडव कापला. बायका आपापसांत बोलू लागल्या. एकीने सुनेच्या हातातून पंचपाळे काढून घेतले, माझा हात त्याला लागेल म्हणून. "आगं बया, नव्या घरात!" कोणीतरी म्हणाले. आणि आप्पा, ज्यांच्या घरात जुनेपाने काही नव्हते, माईक खाली ठेवून आले.

"मावशी, जरा थांबा."

दुसरा पुरोहित मिळतो का, यासाठी फोन झाले. लग्नसराई होती, कोणी मोकळे नव्हते. मुहूर्त चालला होता. मग आत्याबाई आत गेल्या आणि ती टिकली घेऊन आल्या. कोणीतरी खोटे मणीमंगळसूत्रही आणले, दुकानाच्या पुडीसकट.

"मला सोताला काय न्हाई बरं का," आप्पा म्हणाले. "मी मानतच न्हाई असलं. पर घरातल्या बायांचं मन असतंय. लावा तेवढी. मुहूर्त टळतोय."

बायकांनी आप्पांकडे पाहिले. आप्पांनी बायकांकडे पाहिले. मानणारा कोणीच नव्हता आणि टिकली मात्र माझ्या कपाळासमोर होती.

मला खंडेनवमी आठवली. भाडे आठवले. कंपनीच्या साहेबापुढे मी हसले होते, ते आठवले. आणि जावेचा रडत पुसणारा हात आठवला. एकदा तुम्ही पुसलेत. न विचारता. आता तुमचा मुहूर्त अडला म्हणून तुम्हीच लावणार. तेही न विचारता. जेवणे होईपर्यंत. हे कपाळ माझे आहे की तुमच्या दाराची चौकट, की सणाला तोरण बांधावे आणि सण सरला की काढावे?

मी म्हणाले, "लावणार नाही."

"आता काय म्हणावं!" आत्याबाई म्हणाल्या. "आम्ही तुमची सोय बघतोय आन् तुम्हीच—"

"पूजा करायची तर या कपाळाने करीन. मी आहे तशी."

"मग उठा," आप्पा म्हणाले.

उठले. पोथी गुंडाळली. उठताना हात टेकावा लागला. कोणी हात दिला नाही. सून उठू पाहत होती, तिच्या नवऱ्याने तिच्या पदराची गाठ ओढून तिला खाली बसवले. माझ्या देखत आत्याबाईंनी पाट उचलून बाहेर नेला आणि त्यावर गोमूत्र शिंपडले. मग आप्पांनी, खरोखर मायेच्या सुरात, म्हटले :

"मावशी, आल्यासारखं मागं पोळ्या लाटायला बसा. आचाऱ्याला हात कमी पडत्यात. रिकाम्या हातानं जाऊ नगा."

माझ्या हातची पोळी त्यांच्या देवाला नैवेद्य म्हणून चालणार होती. या वाक्याला मी आजवर उत्तर शोधते आहे आणि दर वेळी राग आधी येतो.

मागच्या दाराने बाहेर पडले. जिजी तिथेच. तिने सगळे ऐकले होते. मला वाटले, ही तरी काही बोलेल. बोलली.

"बरं झालं उठिवलं."

मी थांबले.

"काय म्हणालात?"

"बरं झालं म्हन्ले. ह्यो मळा मी राखलाय. इहिरीचा दगूड मी डोक्यावं वाहिलाय, आप्पा पोटात असताना. आन् मी हितं, चपलांपाशी. तू कोन लागून गेलीस म्होरं बसनारी?"

दुपारच्या उन्हात मी महामार्गापर्यंत चालत गेले. मनातल्या मनात त्या म्हातारीला बोलत होते. साऱ्या मांडवाचा राग तिच्यावर निघत होता. आत्याबाईंचा नाही, आप्पांचा नाही, तिचाच. एसटी आली, बसले, दौंड आले, उतरले, तरी तिचे वाक्य उतरले नाही.

दुसऱ्या दिवशी मी पुण्याच्या गुरुजींना फोन केला. सर्व सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकले. मग म्हणाले :

"ताई, फार वाईट झाले. पण थोडे जमवून घ्यायला हवे होते. टिकली म्हणजे काय हो, एवढासा तुकडा. तुमच्यामुळे त्या घरचे कार्य अडले."

"एवढासा तुकडाच असता, गुरुजी, तर त्यासाठी त्यांनी पूजा थांबवली नसती."

"लोकांची भावना असते. आपण सेवक आहोत."

गुरुजींची पत्नी मी तिथे शिकत असतानाच गेली होती. आम्ही सगळ्या जणी भेटायला गेलो होतो. त्यांच्या कपाळाचे गंध त्या दिवशीही होते. महिनाभरात ते एका लग्नात मंगलाष्टके म्हणत होते. मी त्यांचा आदर करते, म्हणून सौम्य शब्दांत विचारले.

"काकू गेल्यावर, गुरुजी, तुम्हाला कोणी पाटावरून उठवले?"

 ते म्हणाले, "ते वेगळे." एवढेच. आणि फोन ठेवला. वर्षभर ज्यांच्या पायांना मी हात लावला, त्यांच्याकडे माझ्यासाठी हे दोन शब्द होते.

त्या दोन शब्दांनी माझे डोळे उघडले. जिजीवरचा राग तिथे संपला आणि जिथे असायला हवा तिथे गेला. विहिरीचा दगड वाहिलेल्या बाईला चपलांपाशी बसवले. तिला सांगितले, हीच तुझी जागा. तिने ती मानली, आयुष्यभर सोसली, आणि एके दिवशी तिच्यासारखीच एक बाई सरळ पुढे जाऊन पाटावर बसलेली पाहिली. ती मला नाही तर कुणाला बोलणार होती? माझ्या नमस्काराला तिने पाय ओढून घेतले, तेव्हा मी तिथेच बसायला हवे होते. 'आधी यांना पुढे न्या, मग संकल्प सांगते,' असे म्हणायला हवे होते. मी एकटीच पुढे गेले, म्हणून मला एकटीला उठवणे त्यांना इतके सोपे गेले.

आठवड्याने आप्पांच्या माणसाचा निरोप आला की खंडेनवमीला दुसरीकडे ठरले आहे. सुमन घरी आली. ती माझ्यावर चिडली होती, माझ्यासाठी चिडली होती, दोन्ही.

"ताई, एक टिकली लावली असती तर वर्षाची ददात मिटली आसती."

"आणि तू लावली असतीस?"

"मी? मी तर मंगळसूत्र बी घातलं आसतं. आन् आप्पाला म्हन्ले आसते, जोडवी बी द्या!" ती स्वतःच हसली.  तिचाही नवरा नाही. मग खाली बघत म्हणाली, "पोरीच्या लग्नात मी मांडवाच्या मागं हुते, ताई. चहा करत हुते. अक्षता पडल्या त्या ऐकल्या निसत्या."

तिने हे मला पहिल्यांदाच सांगितले. पॅकिंगच्या टेबलाला आम्ही इतकी वर्षे खेटून बसत होतो.

त्या संध्याकाळी देवापुढे दिवा लावला आणि हातात पाणी घेऊन संकल्प सोडला. आजवर मी लोकांचे संकल्प सांगितले. हा माझा.

काम आले की मी आता आधी एकच विचारते. शिरूर तालुक्यातून फोन आला होता, लग्नानंतरचा सत्यनारायण.

"घरात विधवा कोण आहे?" मी विचारले.

"आमची चुलती हाय. का वं?"

"तिचा पाट पहिला मांडा. मुलाच्या आईशेजारी. पहिले गंध मी तिला लावीन, आणि मला ती लावेल. मग पूजा."

"आवं बाई, लग्नाचं घर हाय! असलं कुठं आसतंय का?"

"नसेल तर मलाही जमणार नाही."

त्यांनी फोन ठेवला. त्यानंतरच्या घरानेही ठेवला. एकाने 'विचारून सांगतो' म्हटले, त्याचे विचारणे अजून चालू आहे. सुमन म्हणते, "ताई, आट सोडा, उपाशी मराल." मी मरत नाही. शहराबाहेरच्या एका रोपवाटिकेत कामाला लागले आहे. ट्रेमध्ये नारळाचा भुसा भरायचा, शेवंतीची रोपे लावायची. माझ्या बापाचे काम, साठीनंतर पुन्हा शिकते आहे. तिथला मुकादम पोरगा आहे आणि मला "ए आज्जी, हात उचल" म्हणतो. पहिल्याच दिवशी त्याला सांगितले, आजी म्हण, 'ए' म्हणू नको. आता 'ए' म्हणत नाही. पाठ दुखते. पोथी पिशवीत बरोबर असते, दुपारच्या सुट्टीत पाठ करते, म्हणजे बोलावणे आले तर जीभ जड व्हायला नको.

गंध रोज लावते. कुंकू लावायचे की नाही, ते अजून ठरवलेले नाही. ठरवीन तेव्हा मी ठरवीन. कार्य अडले म्हणून नाही, पाहुणे आले म्हणून नाही, आणि कोणाच्या बोटाने तर कधीच नाही. पाटसचा आप्पा उद्या सगळ्या कंपन्यांच्या पूजा घेऊन दारात उभा राहिला, तरी त्याला आधी घरी जाऊन जिजीला उठवून पुढे बसवावे लागेल. जिजी मला शिव्या देत बसली तरी चालेल. पुढे बसून द्याव्यात.

वाचकहो, इथवर आलात. रीतीप्रमाणे आशीर्वाद दिल्यावाचून मी उठणार नाही. तुमच्या घरात अन्न असो, अंगणात लेकरे असोत, दुखण्याला उतार पडो, कमावत्या हातांना काम मिळो. तुमच्या वास्तूवर भीमामाईची आणि त्या विघ्नहर्त्याची कृपा असो. मात्र कार्याच्या दिवशी तुमच्या मागच्या खोलीत कोण बसते, ते जाऊन पाहा. तिला उठवून पुढे आणलेत, तर हा आशीर्वाद साऱ्या घराला लागेल. ती चपलांपाशीच राहिली, तर माझा आशीर्वादही तिच्याजवळ तिथेच बसेल, आणि तुम्ही कितीही बोलावले तरी पुढे येणार नाही.